व्यवसाय : कॉपिस्ट

फॉर्मवर नाव लिहिलं, पत्ता लिहिला, पासपोर्टचा नंबर लिहिला आणि 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. बँकेत, सोसायटीत, लेकीच्या शाळेत, सगळीकडे मी आजवर 'वादक कलाकार' असं लिहीत आलोय. मिलानमध्ये ब्रेरा राजवाड्यातल्या जुन्या संगीत-हस्तलिखितांच्या संग्रहाच्या टेबलापाशी मात्र वाटलं, इथे दुसरं काम लिहावं. लेकीला विचारलं, याला इटालियनमध्ये काय म्हणतात? ती म्हणाली, "कोपिस्ता." मी तेच लिहिलं.

टेबलामागच्या बाईंनी कागद वाचला, मान वर केली आणि काहीतरी बोलल्या. लेक म्हणाली, "बाबा, त्या म्हणतायत, तुम्ही बरोबर ठिकाणी आलात. हे सगळं एका कॉपिस्टनेच सुरू केलं."

ते मला ठाऊक होतं. त्याच ओढीने मी आलो होतो.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुंबईत गाण्याच्या रेकॉर्डिंगला पन्नास-साठ वादक बसायचे तेव्हा संगीतकार चाल द्यायचा आणि अरेंजर त्याचा पूर्ण स्कोअर लिहायचा. म्हणजे एका मोठ्या कागदावर, एकाखाली एक, कोणत्या वाद्याने कोणत्या क्षणी काय वाजवायचं ते सगळं. पण वादकाला हा मोठा कागद देऊन चालत नाही. त्याला फक्त त्याची ओळ लागते. ती ओळ स्कोअरमधून वेगळी काढून स्वच्छ अक्षरात लिहायची, मधल्या रेस्टचे, म्हणजे गप्प बसायचे, बार (तालाची घरं) मोजून टाकायचे, पान उलटायला सवड मिळेल अशा जागी पान संपवायचं. याला आम्ही पार्ट लिहिणं म्हणायचो, आणि लिहिणारा तो कॉपिस्ट. अरेंजर बहुतेक गोवेकर. पोर्तुगीज काळात गावच्या चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, शिकलेली माणसं ती. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं आमच्यात देवघरातल्या नावांसारखी घेतली जायची. माझे सरही गोव्याचेच. धोबी तलावाजवळच्या त्यांच्या खोलीत मी व्हायोलिन शिकलो आणि अक्षर बरं होतं म्हणून पार्टही लिहायला लागलो. 1981 पासून पुढे सतरा-अठरा वर्षं सेकंड व्हायोलिनच्या शेवटच्या डेस्कवर बसलो, आणि रात्री जागून किती पार्ट लिहिले त्याची मोजदाद नाही.

सरांकडच्या एका जुन्या इटालियन पुस्तकाच्या पहिल्या पानावर खाली 'रिकोर्दी, मिलान' असं छापलेलं होतं. ते नाव डोक्यात राहिलं. लेक नोकरीसाठी मिलानला गेली आणि तिने फोनवर सांगितलं की त्या रिकोर्दी या संगीत-प्रकाशकांचा जुना संग्रह अजून आहे, ब्रेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलाय, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की जाऊन बघावं.

पहिली मेल मी चुकीची लिहिली. "मी मुंबईचा व्हायोलिनवादक, वेर्दींची हस्तलिखितं पाहण्याची इच्छा आहे," एवढंच. वेर्दी म्हणजे इटलीतले एकोणिसाव्या शतकातले मोठे संगीतकार, ऑपेरा म्हणजे गाऊन सादर होणारी नाटकं लिहिणारे. दोन दिवसांत नम्र उत्तर आलं. कोणती कृती, कोणता अंक, कोणती पानं, आणि त्यातून मला नेमकं काय शोधायचंय? बरीचशी पानं स्कॅन करून इंटरनेटवर खुली ठेवलेली आहेत, आधी ती पाहिलीत का? मी पाहिली नव्हती. प्रश्न वाचून ओशाळलो, पण त्या प्रश्नांनीच माझं काम सुरू झालं. ज्या संग्रहात सुमारे 7,800 हस्तलिखित स्कोअर आणि 10,000 च्या आसपास लिब्रेत्तो, म्हणजे ऑपेरांच्या संहिता आहेत, तिथे 'वेर्दी दाखवा' म्हणणं म्हणजे पंढरपुरात जाऊन 'वारकरी दाखवा' म्हणण्यासारखं आहे. वेर्दींच्या 28 ऑपेरांपैकी 23 ऑपेरांची त्यांच्या हातची प्रत तिथे आहे. त्यांच्या पुढच्या पिढीतल्या पुच्चीनींचे तर 'ला रोन्दिने' सोडून सगळे. तो एक दुसऱ्या प्रकाशकाने छापला होता.

मग तीन आठवडे घरी बसून मी ती पानं कॉम्प्युटरवर मोठी करून वाचली. नुसतं बघून अक्षर कळत नाही, हा माझा जुना अनुभव. म्हणून वही घेतली, रेघा मारल्या आणि वेर्दींच्या 'रिगोलेत्तो' या ऑपेराच्या पानांवरून सेकंड व्हायोलिनचा पार्ट लिहायला बसलो.

पहिल्या पानालाच गडबडलो. आपण आज जे छापील स्कोअर वाचतो त्यात बासरी वगैरे फुंकायची वाद्यं सगळ्यात वर, तंतुवाद्यं सगळ्यात खाली. वेर्दींच्या पानावर व्हायोलिन सगळ्यात वर! पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, मग व्हायोला. त्याखाली बासरी, ओबो, क्लॅरिनेट, मग ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं. आणि पार तळाशी गाणाऱ्यांच्या ओळी, त्यांच्या खाली चेलो आणि डबल बास. एकोणिसाव्या शतकात इटलीत असंच लिहायचे. मला आधी ते विचित्र वाटलं, पण दहाव्या पानाच्या सुमाराला उलगडा झाला. वेर्दी स्कोअर एका दमात भरत नसत. आधी गाणाऱ्याची ओळ, तिच्या खालचा बास आणि वर व्हायोलिनची एखादी महत्त्वाची सुरावट, एवढाच सांगाडा सगळ्या पानांवर उतरवून काढत. मधल्या ओळी कोऱ्या. याच सांगाड्यावरून कॉपिस्ट गायकांचे पार्ट काढून द्यायचे आणि गायक पाठांतराला लागायचे. वाद्यवृंद नंतर भरला जायचा, त्याच कागदांवर. 'रिगोलेत्तो'चा पहिला प्रयोग व्हेनिसला 11 मार्च 1851 रोजी झाला, आणि त्याआधीच्या दिवसांत एकीकडे तालमी चालू असताना दुसरीकडे वेर्दी मधल्या ओळी भरत होते.

हे वाचून मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ताडदेवच्या स्टुडिओत गायिका माईकसमोर उभी, आम्ही सगळे बसलेले, आणि कोपऱ्यात स्टुलावर अरेंजर दुसऱ्या अंतऱ्याआधीचं म्युझिक लिहितोय, ओली शाई असतानाच मी कागद उचलतोय. ते सगळं आठवलं. मला वाटायचं ही आमची घाई, आमच्या धंद्यातली गैरसोय. ती दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीही होती, आणि घाई करणारा माणूस वेर्दी होता.

दुसरी मेल मी नीट लिहिली. 'रिगोलेत्तो'च्या तिसऱ्या अंकातली पानं, पुच्चीनींच्या 'ला बोएम'चा शेवट, आणि माझा प्रश्न: लेखकाने हात आखडता घेऊन लिहिलेल्या जागा कॉपिस्टने भरायच्या कशा? तारीख ठरली. बहुतेक काम स्कॅनवरच होईल हेही कळवलं होतं. मूळ प्रत दाखवली तरी हाताळायला मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

ब्रेराची गल्ली अरुंद, दगडी फरसबंदीची. आत शिरलं की दोन मजली कमानींनी वेढलेलं चौकोनी अंगण, आणि मधोमध शिल्पकार कानोव्हाचा ब्राँझचा नेपोलियन, अंगावर वस्त्र नाही, हातात विजयदेवतेची लहान मूर्ती. एकाच वास्तूत चित्रसंग्रहालय, कला महाविद्यालय, वेधशाळा, मागे वनस्पतींची बाग आणि ग्रंथालय. ग्रंथालय मारिया थेरेसा राणीच्या काळचं, अठराव्या शतकातलं. जिन्यावरून हातात रंगाचे डाग लागलेली कॉलेजची मुलं खालीवर करत होती. बॅग बाहेर ठेवली, पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. हात धुऊन कोरडे केले.

त्या दिवशी स्क्रीनवर चार तास काम केलं. सविस्तर सांगायची गोष्ट एकच, 'कोमे सोप्रा'.

म्हणजे 'वरच्याप्रमाणे'. एखादा भाग पुन्हा येत असेल तर वेर्दी, किंवा त्यांच्याआधीचे ऑपेराकार रोस्सीनी, तो पुन्हा लिहीत नसत. कोरे बार सोडून त्यावर 'कोमे सोप्रा' लिहीत. व्हायोलाच्या ओळीवर नुसतं 'बासबरोबर' लिहिलेलं. ऑक्टेव्ह, म्हणजे सप्तक, कोणता, ते कॉपिस्टने समजून घ्यायचं. आमच्याकडे अरेंजर एक तिरकी रेघ आणि दोन टिंबं टाकायचा, आणि 'ए पासून परत' लिहून मोकळा व्हायचा. आम्ही पूर्ण लिहून काढायचो. चुकलो तर पन्नास माणसांचा टेक वाया. म्हणजे हा कागद लिहिणाऱ्याने असं धरूनच चाललं होतं की पुढे एक जाणता माणूस बसलाय, त्याला सगळं सांगायची गरज नाही. तो जाणता माणूस म्हणजे कॉपिस्ट. वेर्दींच्या पानावरच्या कोऱ्या जागा मला आमच्यावर टाकलेल्या विश्वासासारख्या वाटल्या. 1983 पासून शिकागो विद्यापीठ आणि रिकोर्दी मिळून वेर्दींच्या सगळ्या कृतींची चिकित्सक आवृत्ती काढतायत, आणि तिची सुरुवात 'रिगोलेत्तो'नेच झाली. त्यातलं मोठं काम हेच, की लेखकाच्या हातचं कोणतं आणि नंतर प्रतींमध्ये शिरलेलं कोणतं, ते वेगळं करायचं. आमच्या चुका शोधायला विद्वान बसले आहेत, हे कळल्यावर मला आनंदच झाला.

आणखी एक बारकी गोष्ट. कागदावर ओळी पुरल्या नाहीत की ढोल, झांजा, कधी ब्रास, यांच्या ओळी वेगळ्या सुट्या कागदांवर लिहीत. त्याला 'स्पार्तितीनो' म्हणतात. सुटा कागद म्हणजे हरवणारा कागद, हे कोणत्याही कॉपिस्टला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी स्वतः 'ला बोएम'ची पानं उलटून दाखवली. मी हात मागे बांधून उभा.

पुच्चीनींचं अक्षर वाईट आहे. हे आदराने सांगतो, पण वाईट आहे. नोटांची डोकी इतकी लहान आणि घाईची की रेघेवर आहे की दोन रेघांच्या मध्ये, हे आजूबाजूचा स्वर ओळखूनच ठरवावं लागतं. खोडलेलं, त्यावर पुन्हा लिहिलेलं, शाई फराटलेली. 'ला बोएम' त्यांनी डिसेंबर 1895 मध्ये पूर्ण केला आणि 1 फेब्रुवारी 1896 ला तुरीनमध्ये कंडक्टर तोस्कानिनींनी तो उभा केला. मध्ये दोन महिनेसुद्धा नाहीत. तेवढ्यात या पानांवरून अख्ख्या ऑर्केस्ट्राचे पार्ट तयार झाले! त्या वेळी रात्री दिव्याखाली बसलेल्या माणसांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत, पण त्यांची मान कशी दुखली असेल ते मला ठाऊक आहे.

मग ते पान आलं. नायिका मिमी मरते ती जागा. पुच्चीनींनी तिथे कवटी काढली आहे, खाली दोन आडवी हाडं. शाळकरी मुलगा वहीच्या मार्जिनमध्ये काढेल तशी. त्यांनी हा प्रसंग लिहिताना रडून घेतलं असं म्हणतात. ते मी बघितलेलं नाही, पण ती कवटी बघितली. पार्टमध्ये ती उतरली नसणार, उतरवायची नसतेच. सेकंड व्हायोलिनला त्याचे स्वर आणि त्याचे रेस्ट मिळाले, बस. वाजवणाऱ्या माणसाला कळणारही नाही की वरच्या मोठ्या कागदावर या बारपाशी लिहिणाऱ्याचा हात थांबला होता.

मी बाजूला जाऊन खुर्चीवर बसलो. लेकीला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. सरांच्या, आणि इतर कितीतरी अरेंजरांच्या मोठ्या कागदांवर मार्जिनमध्ये काय काय असायचं ते डोळ्यांसमोर येत होतं. कुठे गायिकेने श्वास कुठे घेतला त्याची खूण, कुठे बासरीवाल्याचं टोपणनाव, कुठे कोकणीत लिहिलेली दोन ओळींची प्रार्थना. ते कागद आज कुठेही नाहीत. रेकॉर्डिंग संपलं की पार्ट स्टँडवरच राहायचे. दुसऱ्या दिवशी झाडताना गोळा व्हायचे आणि किलोवर रद्दीत जायचे. मी स्वतः लिहिलेले पार्ट तसे जाताना पाहिलेत, आणि एकदाही वाकून उचलले नाहीत.

इटलीत कागद टिकले आणि आमचे गेले, असं का? लोक तिकडे संगीतावर जास्त प्रेम करतात, आपण करत नाही, हे उत्तर मला पटत नाही. आमच्या त्या गाण्यांवर जितकं प्रेम झालं तितकं क्वचित कशावर झालं असेल. उत्तर मला या कंपनीचे संस्थापक जोव्हान्नी रिकोर्दींच्या चरित्रात सापडलं. हा माणूस मिलानच्या एका कठपुतळ्यांच्या थिएटरात व्हायोलिन वाजवायचा आणि जोडीला पार्ट लिहून द्यायचा. 1807 मध्ये लायप्झिगला जाऊन ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल या प्रकाशकांकडे त्याने धातूच्या प्लेटवर नोटेशन कोरून छापण्याची कला शिकून घेतली, आणि 1808 मध्ये मिलानला स्वतःचं दुकान काढलं. पहिली छापली ती गिटारची एक लहान रचना. पुढे तो मिलानच्या ला स्काला या ऑपेरा थिएटरचा कॉपिस्ट झाला आणि 1825 मध्ये त्याने त्या थिएटरचा अख्खा जुना नोटेशनसंग्रहच विकत घेतला.

त्याला कळलं होतं की ऑपेराचा पूर्ण स्कोअर आणि पार्ट विकायचे नसतात, भाड्याने द्यायचे असतात. मिलानमध्ये प्रयोग झाला, पुढच्या हंगामात नेपल्सला होणार, मग व्हेनिस, मग परदेशात. दरवेळी तोच कागद लागणार. म्हणून मूळ प्रत आपल्या कपाटात हवी. पियानोवर वाजवायच्या लहान आवृत्त्या विकल्या, मोठा कागद सहसा विकला नाही. प्रत्येक छापील गोष्टीला क्रमाने नंबर दिला, तोच नंबर प्लेटवर खाली कोरला, आणि वह्यांमध्ये नोंदला. आज त्या नंबरवरून अभ्यासक सांगतात की अमुक प्रत साधारण अमुक सुमारास निघाली. मुलगा तीतो, नातू जुलिओ, यांनी तेच चालू ठेवलं. जुलिओ तर वेर्दींच्या मागे चिकाटीने लागला आणि 'ओतेल्लो' हा ऑपेरा लिहून घेतला.

आमच्याकडे गाणं एकदा तबकडीवर उतरलं की कागदाचं काम कायमचं संपायचं. तो पार्ट पुन्हा कुणी, कधी वाजवणारच नव्हतं. तबकडी जपली गेली, कागद गेला. आता मोठ्या ऑर्केस्ट्रावर जुनी गाणी वाजवणारी तरुण मुलं हेडफोन लावून रात्ररात्र बसतात आणि कानाने पार्ट उतरवून काढतात. पहिलं व्हायोलिन ऐकू येतं. सेकंड आणि व्हायोला आत दबलेले, ते सापडत नाहीत, अंदाजाने भरतात. मी वाजवलेलीच ओळ मला विचारायला येतात, "काका, इथे काय होतं?" आणि मला आठवत नाही.

निघायच्या दिवशी बाईंनी एक गोष्ट सांगितली. ऑगस्ट 1943 मध्ये मिलानवर बॉम्ब पडले, ला स्कालाचं छत कोसळलं, रिकोर्दी कंपनीच्या इमारतीही उद्ध्वस्त झाल्या. पण मूळ हस्तलिखितं आधीच शहराबाहेर सुरक्षित जागी हलवली होती. कुणीतरी वेळेवर विचार केला, याद्या केल्या, पेट्या भरल्या. पुढे 1994 मध्ये कंपनी बेर्टेल्समान या जर्मन समूहाकडे गेली, काही वर्षांनी प्रकाशनाचा धंदा त्यांनी विकला, पण हा संग्रह मात्र स्वतःकडे ठेवला. मालक बदलत गेले, कागद मिलानमध्येच आहेत.

मुंबईत परतल्यावर मी जुन्या मंडळींना फोन लावायला सुरुवात केली. बरेच जण आता नाहीत. त्यांच्या मुलांना, सुनांना विचारलं, व्हायोलिनच्या पेटीत, पियानोच्या स्टुलात, माळ्यावर काही कागद आहेत का. बहुतेक ठिकाणी नाही. एका चेलोवाल्याच्या घरून प्लॅस्टिकच्या पिशवीत नऊ पार्ट आले. एका ट्रम्पेटवाल्याच्या मुलीने मडगावहून दोन पाठवले, एकाची पाठ तिने लहानपणी चित्रांनी भरलेली. वीस-बावीस कागद जमलेत. प्रत्येकाचा फोटो काढतो, आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवतो आणि कोपऱ्यात पेन्सिलने नंबर टाकतो. कोणत्या गाण्याचं, कोणत्या स्टुडिओत, कोणाच्या हातचं, जे नक्की माहीत आहे तेवढंच वहीत लिहितो.

नंबर 1 माझ्याच पेटीच्या अस्तराखाली सापडला. सेकंड व्हायोलिन, डेस्क चौथा. अक्षर माझं. बारा बार रेस्ट, मग एक लांब स्वर, त्यावर सरांच्या लाल पेन्सिलीने गोल केलेला आणि बाजूला कोकणीत लिहिलेलं, 'हळू'. मागे चहाचा हिशेब, सात कप.